समुद्र न पाहिलेल्या मुलांचे सागरी संग्रहालय : चिखल्याच्या बाजूने एक चिकित्सा

प्रास्ताविक

संग्रहालयाची समीक्षा करताना सामान्यतः संग्रहाचा विचार केला जातो. वस्तू किती जुन्या आहेत, किती दुर्मीळ आहेत, त्यांची मांडणी कालक्रमाने आहे की विषयवार, त्यांचे जतन कसे होते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु पाहणारा कोण आहे आणि तो कोठून आला आहे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यवर्ती ठेवून महाराष्ट्रातील छोट्या सागरी इतिहास-संग्रहालयांचा विचार केला आहे. पाहणारा म्हणून डोळ्यांसमोर ठेवला आहे तो भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातल्या चिखला या गावचा दहा-बारा वर्षांचा विद्यार्थी.

ही निवड वरवर पाहता विसंगत वाटेल. चिखला हे मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाणारे गाव. मुंबईचा समुद्र तेथून सुमारे नऊशे किलोमीटर दूर. तुमसर रोड स्थानकावर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे, संपूर्ण रात्र प्रवास करावा, तेव्हा सकाळी मुंबई येते. तेथील मुलांच्या सागरी इतिहासाशी असलेल्या नात्याची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. सागरी इतिहासाची प्रचलित मांडणी किनाऱ्यावर थांबते, म्हणूनच हा प्रश्न स्वाभाविक वाटतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. बंदराचा इतिहास हा त्याच्या पृष्ठप्रदेशाचाही इतिहास असतो, आणि चिखला हा अशाच एका पृष्ठप्रदेशाचा भाग आहे. ही गोष्ट संग्रहालय सांगत नसेल, तर त्या मुलासाठी सागरी इतिहास हा दुसऱ्या कोणाचा तरी इतिहास ठरतो.

१. पाहणारा मुलगा काय घेऊन येतो

समुद्र न पाहिलेले मूल म्हणजे पाण्याविषयी काहीच न जाणणारे मूल, असा समज शहरी मांडणीत अनेकदा गृहीत असतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सर्वजण ‘मामा तलाव’ म्हणतात, ते येथील शेतीचा आणि मासेमारीचा आधार आहेत. वैनगंगा आणि बावनथडी या नद्या या भागातून वाहतात. ढीवर समाजाचे जाळे, त्यांचा डोंगा, पाण्याचा अंदाज घेत तो ढकलण्याची रीत या मुलांच्या नित्य पाहण्यातल्या गोष्टी आहेत. लाकूड का तरंगते, ओझे एका बाजूला झाले की डोंगा का कलतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

त्याचबरोबर चिखल्याच्या मुलाला खाण ठाऊक आहे. घरातील किंवा शेजारचे कोणी पाळीवर जाते, जमिनीखालून काळा जड दगड वर येतो, तो वाहून नेला जातो, हे तो पाहतो. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी, गोबरवाहीवरून धावणारी रेल्वेची शाखा त्याच्या परिसरातीलच आहे. मालगाडीचे डबे भरून जातात आणि रिकामे परत येतात. त्या डब्यांतील दगडाचा पुढचा प्रवास मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. सागरी संग्रहालयाने पुरवायचा दुवा नेमका हा आहे. मुलाकडे तरंगण्याचे ज्ञान आहे आणि मालाचे ज्ञान आहे. या दोहोंना जोडणारे जहाज तेवढे त्याने पाहिलेले नाही.

२. छोट्या संग्रहालयाचे बळ आणि त्याच्या सवयी

मुंबईत सागरी इतिहासाची छोटी स्थळे आहेत. बॅलार्ड बंदराचे १९२० मधील प्रवेशद्वार-गृह नौदलाने जतन केले आणि तेथे सागरी संग्रहालय मांडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सागरी वारशाचे स्वतंत्र दालन आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीने या विषयाला अभ्यासाची बैठक दिली. आवटी यांनी निवृत्तीनंतरचे आयुष्य समुद्रकिनाऱ्यावर न घालवता फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी घालवले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या संदर्भात लक्षणीय आहे.

छोटेपण ही अशा स्थळांची उणीव मानण्याचे कारण नाही. ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेचे उदाहरण येथे घेता येईल. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. शालेय सहलींचे ते मोठे आकर्षण होते. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये ती बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. जे भव्य असते त्याची देखभालही तितकीच खर्चिक असते, हा त्यातला एक धडा. दुसरा धडा शैक्षणिक आहे. भव्यतेसमोर मूल चकित होते, आणि चकित होणे म्हणजे समजणे नव्हे. छोटे दालन तासाभरात पाहून होते, एका वस्तूपाशी परत येता येते, शिक्षकाचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोचतो. मुलांसाठी ही अनुकूल परिस्थिती आहे. मात्र तिचा उपयोग होण्याच्या आड सागरी संग्रहालयांच्या काही सर्वसाधारण सवयी येतात.

पहिली सवय युद्धकेंद्री मांडणीची आहे. तोफा, लढाया, आरमारप्रमुखांची चित्रे आणि नौकांच्या नावांची यादी यांनी भिंती भरतात. मराठ्यांच्या आरमाराचा अभिमान रास्त आहे आणि कान्होजी आंग्रे यांचे कर्तृत्व मुलांना कळलेच पाहिजे. परंतु गुराबा आणि गलबते चालवणारे कोळी व भंडारी, लाकूड तासणारे सुतार, दोर वळणारे, शिडे शिवणारे, डांबर लावणारे हात या मांडणीत फारसे दिसत नाहीत. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर सागरी युद्ध कोरलेले आहे. त्या शिल्पांत वल्ह्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. मध्ययुगीन शिल्पकाराला वल्हे मारणाऱ्यांशिवाय लढाई दाखवता आली नाही. आधुनिक संग्रहालयाच्या भिंतीवर मात्र ती त्यांच्याशिवाय दाखवली जाते. पुढील काळातील खलाशांबाबतही असेच घडते. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर काम करणारे कोकणातील खलाशी, गोव्याहून येऊन मुंबईतील कुडांमध्ये राहणारे आणि बोटीवर नोकरीची वाट पाहणारे लोक हा सागरी इतिहासाचा फार मोठा भाग आहे. ज्या मुलाच्या घरात कोणी पाळीवर जाते, त्याला सारंग आणि तांडेल यांचे जग सेनापतीच्या जगापेक्षा लवकर उमगेल.

दुसरी सवय प्रतिकृतींची आहे. काचेच्या पेटीतील जहाजाची प्रतिकृती सुबक असते, परंतु तिच्यावरून आकाराचा बोध होत नाही. किनाऱ्यावरच्या मुलाने खरे जहाज पाहिलेले असते, म्हणून तो मनातल्या मनात प्रमाण लावतो. चिखल्याच्या मुलासाठी हातभर लांबीची प्रतिकृती हातभरच राहते. शेजारी त्याच प्रमाणातला एक माणूस, एक बैलगाडी किंवा मालगाडीचा एक डबा ठेवला, तर हा प्रश्न अल्प खर्चात सुटतो. पेटीची उंचीही बहुधा प्रौढांच्या डोळ्यांना अनुसरून ठरलेली असते.

तिसरी सवय भाषेची आहे. नौकानयनाची मराठी परिभाषा समृद्ध आहे. सुकाणू, डोलकाठी, शीड, नांगर, वल्हे, तारू, मचवा, पडाव, शिबाड, महागिरी असे शब्द आपल्या बखरींत, पत्रव्यवहारात आणि किनाऱ्यावरच्या बोलण्यात आहेत. संग्रहालयातील फलक इंग्रजीतून विचार करून लिहिले गेले आणि नंतर मराठीत आणले गेले, की हे शब्द गळतात. मराठी फलक असणे पुरेसे नाही, तो मराठी शब्दांतून उभा राहिलेला असावा लागतो. ‘नांगर’ या शब्दापाशी शेतकऱ्याचे मूल आपोआप थांबेल आणि शेतातला नांगर व जहाजाचा नांगर यांना एकच नाव का, असे विचारील. तो प्रश्न उपस्थित होणे हेच दालनाचे यश आहे.

३. न मांडलेले दालन : पृष्ठप्रदेश

वरील तीन सवयी मांडणीच्या तपशिलाशी संबंधित आहेत. मुख्य उणीव त्याहून खोल आहे, आणि ती चिखल्याच्या मुलासोबत गेल्यावरच ध्यानात येते. सागरी संग्रहालयाच्या नकाशावर किनारा ठळक असतो, बंदरांची नावे असतात, समुद्रमार्ग रेषांनी दाखवलेले असतात, आणि भूप्रदेश कोरा असतो. बंदरात येणारा माल कोठून आला, हे त्या नकाशावर नसते.

मध्य प्रांतातील मँगनीजचा इतिहास हा कोरा भाग भरून काढतो. एकोणिसावे शतक संपता संपता नागपूर परिसरात मँगनीजचे उत्खनन सुरू झाले आणि लवकरच भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतही पोचले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटकडे आणि पुढे तिच्यातून आकाराला आलेल्या कंपनीकडे या व्यवसायातील मोठा वाटा होता. १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एल. एल. फर्मर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून या खनिजाला आलेले महत्त्व लक्षात येते. पोलाद तयार करताना प्राणवायू व गंधक यांचा दुष्परिणाम दूर करण्यासाठी आणि पोलादाला बळकटी देण्यासाठी मँगनीज लागते. भारतात त्या वेळी पोलाद उद्योग बाल्यावस्थेत होता. त्यामुळे हे खनिज जवळजवळ सर्वच परदेशी जात असे. पोलादाची जहाजे, रूळ, पूल आणि तोफा युरोप-अमेरिकेत तयार होत, आणि त्यांत मिसळणाऱ्या मँगनीजचा एक मोठा स्रोत हा पट्टा होता.

हे खनिज समुद्रापर्यंत कसे पोचत असे, हा या कथेचा सागरी भाग आहे. आरंभी मध्य प्रांताचा माल मुंबई आणि कलकत्ता या बंदरांतून जाई. दोन्ही बाजूंनी रेल्वेचे अंतर दीर्घ आणि वाहतूक खर्चिक होती. पूर्व किनाऱ्यावर जवळचे बंदर उभारण्यामागे जी आर्थिक कारणे होती, त्यांत मध्य प्रांतातील मँगनीजची निर्यात हे प्रमुख होते. रायपूर-विजयानगरम हा रेल्वेमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘जलदुर्गा’ हे जहाज विशाखापट्टणमच्या नव्या बंदरात आले आणि १९ डिसेंबर १९३३ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. याच सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ या जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे प्रस्थान केले होते, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. ५ एप्रिलचे महत्त्व शाळांतून सांगितले जाते. ज्या बंदराच्या उभारणीला भंडाऱ्याच्या भूगर्भातील खनिजानेही कारण पुरवले, त्या बंदराचे नाव मात्र भंडाऱ्याच्या वर्गात या संदर्भात क्वचितच घेतले जाते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी मालकीची झाली आणि आज ‘मॉयल’ या नावाने ती ओळखली जाते. चिखल्याची भूमिगत खाण आणि जवळची डोंगरी बुजुर्ग येथील उघडी खाण या तिच्याच आहेत. तात्पर्य, चिखल्याचा मुलगा रोज जो काळा दगड पाहतो, त्याला सव्वाशे वर्षांच्या आसपासचा सागरी इतिहास आहे. कोणत्याही पोलादी जहाजासमोर उभे राहून त्याला सांगता आले पाहिजे की अशा पोलादात मँगनीज असते, आणि ते आमच्या गावच्या जमिनीतून निघते.

बॅलार्ड बंदराच्या प्रवेशद्वार-गृहाचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली. तिच्या आरंभकाळाशी निगडित असलेल्या कर्नल बॅलार्ड यांचे नाव या परिसराला मिळाले. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामातून निघालेल्या मातीचा भराव घालून ही जमीन तयार झाली. म्हणजे ज्या भूमीवर मूल उभे आहे ती स्वतःच खोदकामातून निघालेली आहे. खाणीच्या गावातील मुलाला समजणारी आणि आवडणारी अशी ही गोष्ट आहे. शिवाय मध्य प्रांताचे खनिज ज्या बंदरातून परदेशी गेले, त्याच बंदराच्या दारात हे संग्रहालय आहे. जागेनेच एवढे सांगायची तयारी ठेवली असताना मांडणी केवळ नौकांपुरती राहणे ही संधी गमावणे आहे.

४. समुद्रापासून दूर सापडलेला समुद्र

पृष्ठप्रदेशाचा आग्रह हा सागरी इतिहासाला बाहेरून जोडलेला विषय आहे, असे कोणास वाटू नये म्हणून दोन उदाहरणे देणे आवश्यक आहे. कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात प्राचीन कांस्यवस्तू मिळाल्या. त्यांत ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून नदीकाठी कसा आला, हा प्रश्न त्या एका मूर्तीतून उभा राहतो, आणि त्याचे उत्तर व्यापारी मार्गांच्या इतिहासात शोधावे लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे दुसरे उदाहरण. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भरुकच्छ म्हणजे भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या आणि तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचेही तेथे सांगितले आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या काळातील मृण्मय व हस्तिदंती वस्तू आहेत. या संग्रहालयाला कोणी सागरी संग्रहालय म्हणत नाही. पण ज्या मुलाने तेरचा माल पाहिला, गाडीवाटेचे दिवस मोजले आणि भडोच नकाशावर शोधले, त्याला सागरी व्यापार म्हणजे काय हे कळले. दोन हजार वर्षांपूर्वीची बैलगाडी आणि विसाव्या शतकातील मालगाडी एकच काम करीत होत्या.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ मधील जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. ते मलबारच्या सागवानाचे आहे. म्हणजे जहाजाच्या शरीरातही एक पृष्ठप्रदेश असतो. पूर्वी तो जंगलाचा होता, नंतर खाणीचा झाला.

५. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की छोट्या संग्रहालयाकडून सर्व काही मागणे अन्यायाचे आहे. जागा अपुरी, निधी मर्यादित, आणि नौदलाने उभारलेल्या संग्रहालयात नौदलच दिसणार. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. तथापि येथे नव्या इमारतीची मागणी नाही. एक नकाशा, ज्यावर रेल्वेमार्गांसह भूप्रदेश दाखवलेला आहे, आणि एक पेटी, जिच्यात बंदरातून गेलेल्या मालाचे नमुने आहेत, एवढे कोणत्याही छोट्या दालनाला शक्य आहे. कापूस, सागवान आणि मँगनीज यांचे तुकडे मुलांच्या हाती देता येतात. त्यांना काचेची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाला त्याच्याच गावची वस्तू दाखवायची असेल, तर त्याला दूर नेण्याचे प्रयोजन काय? समुद्राचे अपरिचितपण हेच तर त्याचे आकर्षण आहे. यात तथ्य आहे, आणि परिचिताचा आग्रह टोकाला नेल्यास शिक्षण संकुचित होते हे नाकारता येणार नाही. परंतु अपरिचिताकडे जाण्यासाठी एक पाऊल तरी परिचित जमिनीवर असावे लागते. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या मुलाचे आश्चर्य मँगनीजच्या तुकड्याने कमी होणार नाही. त्या आश्चर्यात आपलाही काही वाटा आहे, एवढे त्याला कळेल.

६. मुलांसह भेट देताना

संग्रहालयांची मांडणी बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बराचसा भार शिक्षक उचलू शकतात, आणि शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांनी याकडे लक्ष देणे उचित ठरेल. शैक्षणिक सहलींत दिवसाला सहा-सात ठिकाणे पाहण्याचा प्रघात आहे. त्यात संग्रहालयाच्या वाट्याला अर्धा तास येतो. त्याऐवजी एकच छोटे दालन निवडून मुलांना तीनच वस्तू पाहायला सांगाव्यात. प्रत्येक वस्तूसाठी प्रश्नही तीनच असावेत : ही कशाची बनली आहे, ते साहित्य कोठून आले, आणि हे काम कोणाच्या हातांनी झाले? या प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतील, आणि ती तेथे नाहीत हे मुलांच्या ध्यानात येणे हेही शिक्षणच आहे.

भेटीपूर्वीची तयारी गावातच होऊ शकते. मामा तलावावरच्या डोंग्याचे माप घेणे, खाणीत काम केलेल्या निवृत्त कामगारांकडून माल कोठे जाई याची माहिती लिहून घेणे, तुमसर रोडपासून विशाखापट्टणम आणि मुंबईपर्यंतचे रेल्वेमार्ग नकाशावर रंगवणे, ही कामे कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला करता येतील. ज्यांना प्रवास परवडणार नाही, त्यांच्यासाठी संग्रहालयानेच गावाकडे यावे, ही कल्पनाही आता नवी राहिलेली नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या बसचा, म्हणजे चाकांवरील संग्रहालयाचा उपक्रम सुरू केला आणि २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. सागरी इतिहासाची अशी एक बस खाणपट्ट्यात आली, तर तिला येथून परत नेण्यासारखेही काही मिळेल : कामगारांच्या आठवणी, जुन्या वाहतुकीच्या खुणा, आणि अर्थातच तो काळा दगड.

समारोप

सागरी संग्रहालयाने युद्ध आणि पराक्रम दाखवू नये, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. पराक्रमाबरोबर श्रम, जहाजाबरोबर माल आणि बंदराबरोबर पृष्ठप्रदेश मांडला जावा, एवढाच आग्रह आहे. हा केवळ मांडणीच्या पद्धतीचा प्रश्न नाही. विदर्भाच्या पूर्व टोकाने खनिज दिले, श्रम दिले, आणि त्यातून आलेल्या समृद्धीची कथा मात्र किनाऱ्यावर सांगितली गेली. त्या कथेत आपल्या गावाचे नाव नाही असे ज्या मुलाला वारंवार दिसते, ते मूल इतिहास अन्यत्र घडतो असे मानू लागते. आणि अशा मुलाला इतिहासाची गोडी लावणे पुढे कोणत्याही महाविद्यालयाला कठीण जाते. छोट्या सागरी संग्रहालयाची कसोटी म्हणूनच साधी ठेवता येईल. समुद्र कधीही न पाहिलेले मूल त्या दालनातील नकाशासमोर उभे राहिले, तर त्याला आपल्या गावावर बोट ठेवता यावे, आणि तेथून ते बोट न उचलता समुद्रापर्यंत नेता यावे.